चार राफेल जहाजावर उतरत नाहीत, मग घेतले काहून?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की नेव्हीनं एप्रिल २०२५ मधी २६ राफेलचा करार केला, त्यात २२ एम (जहाजावरचं एक सीटवालं मॉडेल) अन् ४ दोन सीटवाले, हे चार आपल्या विमानवाहू जहाजावर, विक्रांतवर, उतरूच शकत नाहीत, मग पैसा पाण्यात घातला का. अन् पोट्टे म्हणून राहिले की त्यापेक्षा अमेरिकेचं सुपर हॉर्नेट नाही तं एफ-३५ बी घ्यायचं होतं. मी वीस वर्षं एअरफोर्समधी ग्राउंडवर काढली, आता आर्णीकडे पराटी अन् तूर पाहतो, म्हणून जरा लांबच लिहितो.

पहिले ब्रोशर बाजूले ठेवा. माझा ४५ एचपीचा ट्रॅक्टर नांगरटीले वाघ आहे, पण पराटी गुडघ्याले लागली की तो दोन ओळींमधल्या तासात घुसत नाही, तिथं डवरणीले बैलजोडीच लागते. ट्रॅक्टर खराब नाही, तास अरुंद आहे. विक्रांतवर कॅटापल्ट (विमान पुढं फेकणारं यंत्र) नाही, पुढं वर वळलेला डेक आहे, त्याले स्की-जंप म्हणतात, त्याच्यावरून विमानानं उडी मारायची अन् येताना शेपटीखालचा हूक तारेत अडकवून थोडक्या जागेत थांबायचं. हा दणका सोसाले एमचा सांगाडा अन् चाकांचे पाय जाडजूड केलेत, म्हणून ते एअरफोर्सच्या एक सीटवाल्या सी मॉडेलपेक्षा अर्धा टन तरी जड भरते. चढायची शिडीही विमानातच, डेकवर शिडी घेऊन पळायले जागा कुठं?

आता ते चार. दोन सीटचं नेव्ही मॉडेल फ्रान्सच्याही डोक्यात होतं, २००४ मधी गुंडाळलं, म्हणजे बाजारात ते नाहीच. मग नवीन पायलटच्या मागं मास्तर बसवायचा तर एअरफोर्सवालंच बी मॉडेल घ्या अन् जमिनीवरून शिकवा. यात पैसा बुडाला असं मले वाटत नाही. आपल्या देशी तेजस मार्क १ए ची ऑर्डर पाहा, तिथंही पहिल्या ८३ मधी १० दोन सीटवाले होते, नंतरच्या ९७ मधी २९.

सुपर हॉर्नेटचं दोन सीटवालं डेकवर उतरते, हे पोट्ट्यांचं बरोबर आहे. २०२२ मधी गोव्याले हन्सावर (नेव्हीचा विमानतळ) राफेल अन् सुपर हॉर्नेट दोघांनीही स्की-जंपवरून उडून दाखवलं. पण एअरफोर्सनं ३६ राफेल आधीच घेतलेले, अंबाला अन् हाशिमाऱ्याले, अन् माझ्या मते फरक तिथं पडला. आमच्याकडं टूल बोर्ड असायचा, प्रत्येक स्पॅनरची आकृती रंगवलेली, काम झालं की सगळे स्पॅनर आपापल्या आकृतीवर गेले पाहिजेत, एक जरी कमी दिसला तरी विमान हलायचं नाही, एकदा आम्ही रात्रभर टॉर्च घेऊन एक स्पॅनर शोधला, सापडला तो एकाच्या ओव्हरऑलच्या खिशात (त्याचं पुढं काय झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही). नवीन जातीचं विमान आलं की असे बोर्ड नवीन, टेस्टर नवीन, पार्टचं गोडाऊन नवीन, माणसंही पहिल्यापासून शिकवा. सुखोई, मिग-२९, मिराज, जॅग्वार, तेजस, राफेल, एवढ्या जाती आपण आधीच सांभाळून राहिलो, हौस अजून फिटली नाही का?

अन् सांभाळता आलं नाही की काय होते तेही पाहा. नेव्हीनं जहाजावरचे मिग-२९के ४५ घेतले, कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणारे) २०१६ च्या रिपोर्टात त्यांची सर्व्हिसेबिलिटी १५.९३ ते ३७.६३ टक्के लिहिली आहे. म्हणजे दहा उभे असले तर चारही धड उडायच्या लायकीचे नाहीत. कागदावर तेही जोरदारच होतं गड्या.

एफ-३५ बी बद्दल थोडक्यात. सरळ खाली उतराले कॉकपिटच्या मागं मोठा पंखा बसवलाय, त्याची जागा इंधनातून अन् बॉम्बच्या कप्प्यातून गेली, म्हणून एफ-३५ च्या ए, बी, सी या तीन भावांत सगळ्यात कमी लांब तेच जाते. विक्रांतवर हूक अडकवाची तार आधीच बसवून ठेवली असताना हा पंखा उरावर घेऊन हिंडायचं काहून?

राफेल यायले २०२८ उजाडंल, तोवर डेकवर मिग-२९केच आहे, तं पोट्ट्याइले सांगा भांडायचं असंल तर त्याच्या स्पेअरसाठी भांडा.