वाचक विचारतात : उन्हातली छत्री

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत मला रोज दुपारी रविवार कारंजा ते शालिमार असे पायी जावे लागते. पावसाळ्यातलीच काळी छत्री उन्हात वापरावी का? काळ्या रंगाने जास्त उकडते, असे घरचे म्हणतात आणि पुरुषाने उन्हात छत्री धरली की लोक हसतात, ते वेगळेच. एका प्रदर्शनात बांबू आणि कागदाची जपानी छत्री पाहिली. ती आपल्या उन्हात उपयोगी पडेल का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : काळी छत्री अवश्य वापरावी. उन्हाचा चटका आणि त्वचेला इजा करणारे अतिनील किरण यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो. गडद रंगाचे, घट्ट विणीचे कापड हे किरण चांगले अडवते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी तपासणीत साध्या हातछत्र्यांनी किमान ७७ टक्के, तर काळ्या छत्र्यांनी किमान ९० टक्के अतिनील किरण रोखल्याचे आढळले होते. काळे कापड तापते हे खरे असले, तरी ते डोक्याला टेकत नाही आणि मधून हवा खेळती राहते. नवी छत्री घ्यायचीच असेल, तर चंदेरी थराची घ्यावी.

मात्र छत्री फक्त वरून येणारे ऊन अडवते. आकाशात विखुरलेले आणि फरशी-भिंतींवरून परतणारे किरण बाजूने येतच राहतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मानेवर उपरणे हवेच. नाशिक सुमारे २० अक्षांशावर असल्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य येथे जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि घड्याळातला मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होतो. त्या वेळी छत्री सरळ, तर सकाळी व तिसऱ्या प्रहरी सूर्याकडे कलती धरावी. जुलैच्या उत्तरार्धात सूर्य पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा ढगांमुळे आपले तिकडे लक्ष जात नाही.

जपानमध्ये छत्री आशिया खंडातूनच गेली आणि आपल्या अब्दागिरीप्रमाणे आरंभी ती मानाचे चिन्ह होती. मिटणारी कागदी छत्री सामान्यांच्या हाती रुळली ती एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात. बांबूच्या काड्यांवर ‘वाशी’ हा चिवट कागद चिकटवून ती करतात आणि गिफू शहर या कारागिरीसाठी आजही ओळखले जाते. पावसात धरायच्या छत्रीच्या कागदाला तेल देतात. उन्हासाठी व नृत्यासाठी केलेल्या छत्रीला सहसा देत नाहीत. उघड्यावरच्या चहासमारंभात पाहुण्यांवर धरली जाणारी मोठी तांबडी छत्रीही मुख्यतः सावलीचीच. लोकांच्या हसण्याचे म्हणाल, तर पुरुषांनीही उन्हात छत्री वापरावी, असा प्रचार जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१९ साली केला होता. आपल्याकडेही हे हसू दोन उन्हाळ्यांपलीकडे टिकू नये.

तुम्ही पाहिलेली कागदी छत्री सुखद सावली देईल, परंतु पातळ, फिक्या कागदातून किती किरण आत येतात हे तपासलेले नसल्यास रोजच्या वाटेसाठी कापडाचीच बरी. हौसेने घेतलीच, तर कागदाला तेल दिले आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारावे, कारण मेअखेरचा वळीव बिनतेलाची छत्री एका सरीत निकामी करील.