लुई कान यांच्या इमारतींवरील पुस्तक कसे वाचावे?

अमेरिकन वास्तुरचनाकार लुई कान यांच्या कामावरील मोठे पुस्तक आपल्याकडे आहे, त्यातील छायाचित्रे आपल्याला भारावून टाकतात, परंतु कान यांची रचना वर्षागणिक कशी बदलत गेली हे उमगत नाही, असा आपला प्रश्न आहे. माझा सल्ला असा, की पहिल्या वाचनात छायाचित्रे बाजूला ठेवावीत आणि प्रत्येक इमारतीचा प्लॅन (वरून पाहिलेली मांडणी) व सेक्शन (इमारत उभी कापल्यावर दिसेल ते चित्र) पाहताना पाइप, हवेचे डक्ट, जिने आणि स्वच्छतागृहे यांना जागा कुठे दिली आहे, एवढेच शोधावे. कान यांना पाइप आणि डक्ट यांचा मनापासून तिटकारा होता, आणि त्यांना स्वतःची जागा दिली नाही तर ते इमारतीत घुसून तिचा नाश करतील, असे ते म्हणत.

1953 च्या येल विद्यापीठाच्या कलादालनात हे डक्ट काँक्रीटच्या त्रिकोणी जाळीच्या छतातून फिरतात. जागा मिळाली आहे, पण ती छताच्या पोटातली. दोनच वर्षांनी ट्रेंटन येथील पोहण्याच्या तलावाची स्नानगृहे येतात. ही इमारत इतकी लहान आहे की पुस्तकात ती सहज उलटली जाते. मी मात्र तिचा प्लॅन ट्रेसिंग पेपरवर स्वतः गिरवला आणि तेव्हाच मला कान कळू लागले. उघड्या चौकाभोवती चार चौरस दालने, प्रत्येकावर पिरॅमिडसारखे छप्पर, आणि ते छप्पर पेलणारे कोपऱ्यांतील खांब भरीव नसून आठ फूट रुंदीचे पोकळ चौकोन आहेत. एका पोकळीत स्वच्छतागृह आहे, तर दुसरीतून वळसा घेऊन आत जायचे असल्यामुळे दार न लावताही आडोसा मिळतो.

फिलाडेल्फियाच्या रिचर्ड्स प्रयोगशाळांत हीच पोकळी विटांचे उंच मनोरे होऊन बाहेर उभी राहते. मनोरे प्रभावी आहेत, परंतु काचेतून येणाऱ्या उन्हाचा संशोधकांना त्रास झाला, आणि माझ्या मते ही इमारत वापरापेक्षा कल्पनेला अधिक प्रामाणिक आहे. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत (1965) मनोऱ्याची जागा आडवा मजला घेतो: प्रत्येक प्रयोगशाळेच्या डोक्यावर सुमारे नऊ फूट उंचीचा, केवळ पाइप आणि डक्ट यांच्यासाठी राखलेला मजला आहे, त्यामुळे खालचे दालन खांबांविना मोकळे राहते.

फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयापाशी (1972) थोडे अधिक थांबावे. तेथे डक्ट दोन कमानदार छतांच्या मधल्या सपाट, ठेंगण्या पट्ट्यांत सरकवलेले आहेत, आणि म्हणूनच कमानीचा माथा चिरून त्यातून उजेड आत घेणे कान यांना शक्य झाले. चिरेखालचा ॲल्युमिनियमचा परावर्तक तो उजेड काँक्रीटच्या वक्र पोटावर पसरवतो. छायाचित्रातील तो रुपेरी उजेड या ठेंगण्या पट्ट्यांमुळे शक्य झाला आहे, हे फक्त सेक्शनमध्येच दिसते.

एक सावधगिरी बाळगावी. आपले पुस्तक इमारती पूर्ण झाल्याच्या वर्षानुसार लावलेले असेल, तर क्रम स्वतः बदलून घ्यावा, कारण ढाक्याच्या संसद भवनाचे काम कान यांनी 1962 मध्ये हाती घेतले आणि ते पूर्ण झाले त्यांच्या 1974 मधील निधनानंतर कित्येक वर्षांनी. ते किंबेलनंतरचे काम म्हणून वाचल्यास सारा धागा तुटतो. नाकारलेले आराखडेही वगळू नयेत: साल्क संस्थेच्या आधीच्या आराखड्यात चार प्रयोगशाळा आणि दोन बागा होत्या, आणि जगप्रसिद्ध झालेला तो एकच मोकळा चौक तेव्हा त्यात नव्हता.