पिंजऱ्याबाहेरचे प्रश्न : सूर्यफुलाचा हट्ट, एकटीची अंडी आणि स्वयंपाकघरातला धूर

प्रश्न : आमचा कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पाळीव पोपट) दोन वर्षांचा आहे. वाटीतल्या मिश्र दाण्यांतून फक्त सूर्यफुलाच्या बिया निवडून खातो. फळं-भाज्या दिल्या की चोचीने खाली फेकतो. एक दिवस काहीच दिलं नाही तर भूक लागून खाईल का? (पुणे)

कृपा करून उपाशी ठेवू नका. एवढ्या लहान पक्ष्याच्या अंगात साठा फारच थोडा असतो. अनोळखी पदार्थ हा त्याच्या लेखी खाणंच नसतं, त्यामुळे भरलेल्या वाटीसमोर बसूनही तो उपाशी राहतो आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

सूर्यफुलात चरबी भरपूर. कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व मात्र नगण्य. असा आहार वर्षानुवर्षं चालला की यकृतावर चरबी चढते, चोच वेडीवाकडी वाढते, वारंवार शिंका येतात, पिसांची चमक जाते. म्हणून बदल करायलाच हवा, पण चार ते सहा आठवडे घेऊन.

सुरुवात वजनाने करा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. त्यावर छोटी दांडी किंवा डबा ठेवून काटा शून्यावर आणा आणि रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर पण खाण्याआधी, पक्ष्याला त्यावर बसवा. कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. तुमच्या पक्ष्याचा स्वतःचा आकडा आधी आठवडाभर लिहून काढा. बदल सुरू असताना वजन त्या आकड्याच्या १० टक्क्यांनी घटलं, तर लगेच जुन्या आहारावर या आणि डॉक्टरांना दाखवा.

मग राळे, वरी आणि थोडी बाजरी यांचं मिश्रण करा. दिवसाला सपाट दीड टेबलस्पून पुरे. पहिल्या आठवड्यात त्यात एक तृतीयांश सूर्यफूल राहू द्या आणि दर आठवड्याला ते कमी करत न्या. शेवटी सूर्यफूल वाटीत ठेवूच नका. दिवसाला चार-पाच बिया हातातून, बक्षीस म्हणून द्या. ज्या बीसाठी तो हट्ट करतो, तीच त्याला हातावर यायला शिकवते.

पालेभाजी सकाळी, वाटीतले दाणे भरण्याआधी द्या. कोथिंबिरीची किंवा शेवग्याच्या पाल्याची ओली जुडी दांडीजवळ चिमट्याने लटकवली तर पक्षी आधी ओल्या पानांत अंग घासतो, मग टोचतो, मग खातो. वाटीतल्या तुकड्यांपेक्षा हे लवकर जमतं. किसलेलं गाजर आणि लाल भोपळा मोडाच्या मुगात मिसळा. मूग आठ तास भिजवायचे, दिवसभर मोड येऊ द्यायचे, दर काही तासांनी धुवायचे. आंबूस वास आला तर सरळ टाकून द्यायचे. ओलं खाणं उन्हाळ्यात दोन तासांच्या वर पिंजऱ्यात राहू नये. हिरवी मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना तिचा तिखटपणा झोंबत नाही. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण आणि मीठ मात्र अजिबात नको.

एक फसवी गोष्ट इथेच सांगायला हवी. पोपटवर्गीय पक्षी दाणा सोलून खातात आणि टरफलं वाटीतच टाकतात. वरून वाटी भरलेली दिसते, आत निव्वळ कोंडा असतो. रोज संध्याकाळी वाटीवर फुंकर मारून पाहा.

प्रश्न : वन बीएचके घर आहे. बजीच्या (बजरीगार, लहान रंगीत पोपट) जोडीचा पिंजरा स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला तर चालेल का? (ठाणे)

दुसरी जागा शोधा. नॉनस्टिक भांड्यांवरचा टेफ्लॉनचा थर फार तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला, तर तो हा धोक्याचा टप्पा चटकन गाठतो आणि माणसाला वासही न येता पिंजऱ्यातली जोडी खाली पडलेली सापडते. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसातून जाते. उडण्यासाठी लागणारी ही व्यवस्था विषारी हवाही तितक्याच कार्यक्षमतेने रक्तात पोचवते. सँडविच टोस्टर, एअर फ्रायर, काही इस्त्र्या यांनाही असाच थर असतो. पक्षी असलेल्या घरात लोखंडी तवा, बिडाची कढई आणि स्टीलची भांडी वापरावीत, हे आमचं ठाम मत आहे.

धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, डांबरगोळ्या, फिनाईल, रंगकाम यांपासूनही पिंजरा दूर हवा. एका बाजूला भिंत, सकाळचं ऊन तिरपं येईल अशी खिडकी आणि आपल्या छातीइतकी उंची असलेला हॉलचा कोपरा उत्तम. एसीचा झोत थेट नको. गॅलरीत ठेवायचा तर तिथे कुणीतरी माणूस असेल तेवढाच वेळ. मांजर, कावळे आणि घारी पिंजऱ्याच्या जाळीतूनही इजा करतात. जाळीच्या गजांमधलं अंतर बजीसाठी सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावं, नाहीतर डोकं अडकतं.

प्रश्न : आमच्याकडे एकटी कॉकाटील मादी आहे, नर नाही. तरी दोन महिन्यांत तिने अकरा अंडी घातली. आम्ही प्रत्येक अंडं लगेच उचलून टाकतो. ती सोफ्याखाली जाऊन बसते. काय करावं? (कोल्हापूर)

अंडी उचलणं आधी थांबवा. हेच तिला पुढचं अंडं घालायला लावतं आहे. कॉकाटील एकाआड एक दिवस अंडं घालते आणि चार ते सहा झाली की उबवायला बसते. घरट्यातलं अंडं नाहीसं झालं की तिचं शरीर ती भरपाई करत राहतं. दर अंड्याच्या कवचाचं कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं, म्हणून हा प्रश्न गंभीर आहे.

पुढच्या खेपेला अंडी तिच्यापाशीच ठेवा. नर नसल्याने त्यातून पिल्लं येणार नाहीत. जोडी असेल आणि पिल्लं नको असतील, तर अंडी उकडून पूर्ण थंड करून परत ठेवावीत. साधारण तीन आठवडे बसून ती स्वतःच कंटाळते आणि उठते. तेव्हाच अंडी काढा.

त्यानंतर तिच्या शरीराला ‘वीण संपली’ असं कळायला हवं. रोज बारा ते चौदा तास शांत अंधार द्या, म्हणजे संध्याकाळी टीव्हीसमोर जागरण नको. सोफ्याखालची फट पुठ्ठ्याने बंद करा. कपाटाचे खण, खोके, मडकी, कागदाचे ढीग, आरसा, सगळं हलवा. पिंजऱ्याची जागा आणि आतल्या दांड्या बदला. उकडलेलं अंडं, मका, भिजवलेलं मऊ खाणं काही आठवडे बंद ठेवा, कारण सुबत्ता दिसली की वीण सुरू होते. आणि घरातल्या सगळ्यांना सांगा : फक्त डोकं आणि मान खाजवायची. पाठीवरून, शेपटीजवळून हात फिरवणं तिच्यासाठी जोडीदाराचं लक्षण असतं. बहुतेक घरांत चूक इथेच होते आणि प्रेमापोटी होते.

कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस कायम अडकवलेला असावा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. मऊ बाजू पक्ष्याकडे ठेवा. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, म्हणून सकाळचं पंधरा-वीस मिनिटं ऊन द्या. ते खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही आणि पिंजऱ्याचा एक भाग सावलीत असलाच पाहिजे.

ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसली, शेपूट श्वासागणिक वर-खाली हलू लागली, कुंथते आहे पण अंडं येत नाही, पाय लुळे वाटतात, असं दिसलं तर अंडं अडकलं आहे. थांबायला वेळ नसतो. लहान खोक्यात मऊ कापडावर ठेवून ३० अंशांच्या आसपास ऊब द्या. ४० वॅटचा साधा पिवळा बल्ब खोक्याबाहेर एका बाजूला लावा, म्हणजे नको वाटल्यास तिला सरकता येईल. थर्मामीटर आत ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पोट दाबू नका, तेल सोडू नका. अंडं आत फुटलं तर वाचवणं कठीण होतं. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत. वेळ येण्याआधीच फोन करून विचारून ठेवा. तुमच्या बाजूला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत परळला आणि नागपुरातही अशी महाविद्यालयं आहेत.

प्रश्न : रात्री दोन-तीनला आमचा कॉकाटील अचानक पिंजऱ्यात थैमान घालतो. (छत्रपती संभाजीनगर)

कॉकाटीलमध्ये हे नेहमी दिसतं. पाल, गाडीचा दिवा, फटाका, एवढं कारण पुरतं. अंधारात दांडी दिसत नाही म्हणून तो गजांवर आपटत राहतो. मंद रात्रदिवा चालू ठेवा, पिंजरा पूर्ण झाकू नका. प्रकार घडला तर दिवा लावून हळू आवाजात बोला, हात घालू नका. शांत झाल्यावर पंख पाहा. नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असतं आणि ती मोडली की भळभळ वाहतं. स्वच्छ कापडाने पाच मिनिटं दाबून धरा. थांबलं नाही तर डॉक्टर.

प्रश्न : रस्त्यावर एक जण गळ्याला गुलाबी पट्टी येणाऱ्या आपल्या नेहमीच्या पोपटाची पिल्लं विकतो. मुलगी हट्ट धरून बसली आहे. घेतलेलं चालेल का? (नाशिक)

नाही. भारतातल्या मूळ पोपटांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. ते पकडणं, विकणं, विकत घेणं, घरी ठेवणं, सगळंच गुन्हा ठरतं. ही पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात आणि प्रवासातच त्यांतली कित्येक मरतात. दया येऊन एक विकत घेतलं, तर विक्रेता पुढच्या ढोलीकडे जातो. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पिल्लू जमिनीवर पडलेलं सापडलं तर वेगळी गोष्ट. अंगभर पिसं असतील, तर जवळच्या उंच फांदीवर ठेवून दूर व्हा. आई-बाप खाली येऊन भरवतात. उघडं असेल किंवा जखमी असेल, तर खोक्यात उबदार ठेवून याच क्रमांकावर सांगा. चोचीत दूध किंवा पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

मुलीसाठी बजी किंवा कॉकाटील घ्या, तेही बंदिवासात जन्मलेले आणि स्वतःचं स्वतः खाणारे. दुकानदार बजीला बऱ्याचदा ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, तेव्हा नीट पाहून घ्या. सन कोन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा अशा परदेशी पक्ष्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. २०२४ च्या नियमांनी ती सक्तीची आहे आणि पक्षी दुसऱ्याला दिला किंवा पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. बजी आणि कॉकाटील यांना ही नोंदणी लागू नाही. घरात आधीचे पक्षी असतील, तर नवा पक्षी किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याची वाटी-भांडी शेवटी, हात धुऊन, हाताळा.