पेट्रोल की डिझेल? आधी ती पॉलिसी बघू

टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, आयटीत नोकरी, एच-१बी व्हिसा, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर, ग्रीन कार्डच्या रांगेत. पगार १ लाख ४० हजार डॉलर. पत्नी एच-४ च्या (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर्क परमिटवर अर्धवेळ काम करते, तिचे ४५ हजार. दोन मुलं. मागच्या वर्षी एका ओळखीच्या कुटुंबाकडून त्यांनी १२ हजार पौंड वजनाचा फिफ्थ-व्हील ट्रेलर (ट्रकच्या पाठीवर टेकवून ओढायचं फिरतं घर) रोखीने घेतला आणि आता तो ओढायला ट्रक हवा आहे. फोर्ड एफ-२५० पेट्रोल ६२ हजारांना, डिझेल ७३ हजारांना. डीलरकडे ५०० डॉलर भरून डिझेल धरून ठेवला आहे. डाउन पेमेंटसाठी ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यातून २० हजारांचं कर्ज, बाकी ८४ महिन्यांचं लोन साडेसात टक्क्यांनी. वर्षाला ९ हजार मैल, त्यातले अडीच हजार ट्रेलर लावून. प्रश्न एवढाच: “डिझेलचे जास्तीचे अकरा हजार किती वर्षांत वसूल होतील?”

होणार नाहीत.

सेल्समनने डिझेलचं मायलेज गॅलनला २० मैल सांगितलं आहे. साडेआठ हजार पौंडांच्या वरच्या गाड्यांना खिडकीवर मायलेजचा सरकारी आकडा लावावा लागत नाही, त्यामुळे तो काहीही सांगू शकतो. आपण रिकामा ट्रक धरू: पेट्रोल १३, डिझेल १७. ट्रेलर लावून पेट्रोल ८, डिझेल १०. वर्षाला पेट्रोल लागेल साधारण ८१० गॅलन, डिझेल ६३०. तुम्ही दिलेल्या भावाने, म्हणजे पेट्रोल २.७५ आणि डिझेल ३.३५, खर्च होतो २,२०० आणि २,१००. वाचले शंभर डॉलर. त्यातून डीईएफ (डिझेलचा धूर साफ करायला लागणारं द्रव), जास्तीचं ऑइल आणि दोन फ्युएल फिल्टर वजा करा. शिल्लक शून्याखाली जाते.

मैल वाढवूनही फार काही हाती लागत नाही. डिझेल गॅलनमागे वीसेक टक्के महाग आहे (फेडरल करच पेट्रोलवर १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट) आणि तो २५-३० टक्के लांब नेतो. मधली फट इतकी बारीक आहे की त्यातून अकरा हजार काढायला आयुष्य जाईल. शिवाय ते अकरा हजार नाहीतच. टेक्सासचा सव्वासहा टक्के कर आणि ८४ महिन्यांचं व्याज धरलं तर पेट्रोलचा हप्ता येतो सुमारे ७००, डिझेलचा ८८०. फरक १८० गुणिले ८४, म्हणजे पंधरा हजार. विकताना डिझेलला भाव जास्त येतो हे खरं आहे, पण पंधराच्या पंधरा परत येत नाहीत.

तुमची रोजची धाव शाळा, किराणा आणि घर एवढीच आहे, तीन-चार मैलांची. डिझेलच्या धुराच्या नळीतला डीपीएफ फिल्टर साफ व्हायला इंजिन नीट तापावं लागतं आणि चार मैलांत ते तापत नाही. वॉरंटी संपल्यावर या प्रकरणाचं बिल हजारांत येतं.

आणखी एक गोष्ट सेल्समनने सांगितलेली दिसत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्यावर लिहिलेलं असतं. फिफ्थ-व्हीलचं साधारण वीस टक्के वजन थेट ट्रकच्या पाठीवर येतं. तुमचे झाले २,४००. ट्रेलर जोडायची ‘हिच’ २००, तुम्ही चौघं ५५०. एकूण ३,१५०. डिझेल इंजिन काही शे पौंडांनी जड असतं, आणि ते वजन याच आकड्यातून कापलं जातं. सगळ्या सोयींनी भरलेल्या डिझेल एफ-२५० च्या स्टिकरवर बहुतेक वेळा याहून कमी आकडा सापडेल. ते तुमच्या लक्षात आलं की सेल्समन शांतपणे एफ-३५० कडे बोट दाखवेल.

डिझेलच्या बाजूने एक मुद्दा मात्र खराच आहे: तुमची दर उन्हाळ्याची कोलोराडोची ट्रिप. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. आयझेनहॉवर बोगद्यापाशी, ११ हजार फुटांवर, एक तृतीयांश जोर गेलेला असतो. टर्बो डिझेलला हे फारसं जाणवत नाही, आणि उतारावर त्याचा एक्झॉस्ट ब्रेक फार उपयोगी पडतो. वर्षभर डोंगरात ट्रेलर ओढणाऱ्याला मी डोळे मिटून डिझेल घ्यायला सांगेन. तुम्ही वर्षातून एकदा जाता. उजव्या लेनमधून चाळीसच्या वेगाने चढा, मागच्यांना हॉर्न वाजवू दे.

इंजिनाचं एवढं पुरे. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात, जाता जाता लिहिल्यासारखी, दोन वाक्यं आहेत: “४०१(के) मी दोन टक्क्यांवर आणलं आहे, कारण दोन वर्षांपासून महिना हजार डॉलर आययूएलमध्ये टाकतो. पाचव्या वर्षी त्याच पॉलिसीतून कर्ज काढून ट्रक फेडून टाकू, म्हणजे व्याज आपलं आपल्यालाच.”

आययूएल म्हणजे इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, शेअर निर्देशांकाशी परतावा जोडलेली आयुर्विमा पॉलिसी. ही कल्पना तुमच्या मंडळातल्या मित्राची आहे, आणि पॉलिसीही त्यानेच विकली आहे. पहिल्या वर्षाच्या प्रीमियमचा मोठा भाग एजंटच्या खिशात जातो, हे त्याने तुमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला तेव्हा सांगितलं होतं का?

आधी ४०१(के) बघू. तुमची कंपनी सहा टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर घालते. सहा टक्के म्हणजे ८,४००. तुम्ही दोन टक्केच भरता, म्हणून कंपनी २,८०० घालते. दर वर्षी ५,६०० डॉलर कंपनी द्यायला तयार आहे आणि तुम्ही नको म्हणताय. दोन वर्षांचे ११,२००. ज्या अकरा हजारांसाठी तुम्ही मला पत्र लिहिलंत, तेवढी रक्कम तुम्ही न विचारता सोडून दिली आहे.

आता पॉलिसी. तुम्ही सोबत जोडलेल्या वार्षिक स्टेटमेंटवर दोन आकडे आहेत. वर ठळक अक्षरात ॲक्युम्युलेशन व्हॅल्यू १९,५००. खाली, बारीक अक्षरात, सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज पॉलिसी मोडली तर हातात येणारी रक्कम, ८,६००. तुम्ही भरलेत २४ हजार. तुमचा आकडा खालचा. वरचा आकडा तुमचा व्हायला सरेंडर चार्जची दहा वर्षं संपावी लागतील, आणि कर्ज मिळतं तेही खालच्याच आकड्यावर. ते कर्ज विमा कंपनी देते आणि व्याजही तीच लावते. “आपलं आपल्यालाच” हे फक्त मित्राच्या स्लाइडवर आहे.

“शेअर बाजार वाढला की वाढतं, पडला की शून्याखाली जात नाही” हे अर्धं खरं आहे. तुमचा पैसा बाजारात जातच नाही. कंपनी तो बहुतांश बाँडमध्ये ठेवते आणि थोड्या पैशांचे ऑप्शन्स (बाजाराच्या चढाशी जोडलेले करार) घेते. डिव्हिडंड तुम्हाला मिळत नाही. चांगल्या वर्षाला वरून कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, लागते, आणि ती कॅप पुढे कमी करण्याचा हक्क कंपनीकडे असतो. वाईट वर्षी परतावा शून्य, पण खर्च शून्य नसतो. विम्याचा आणि व्यवस्थापनाचा आकार कापला जातोच, म्हणजे शिल्लक खाली येते. विम्याचा तो आकार वयासोबत चढत जातो. विकताना दिलेला जो चाळीस पानी तक्ता आहे, त्यात आयुष्यभर सात टक्के दाखवणारा रकाना तुम्ही वाचला. त्याच्या शेजारी ‘गॅरंटीड’ असा एक रकाना आहे. तो शेवटपर्यंत वाचा आणि कोणत्या वयाला तिथे शून्य येतं ते बघा. वरून कर्ज काढलेली पॉलिसी लॅप्स झाली तर नफ्याच्या भागावर कर भरावा लागतो, तोही हातात काही नसताना.

तुम्ही म्हणाल, आता बंद केली तर पंधरा हजार बुडतील. ते सही केली तेव्हाच गेले. आता प्रश्न पुढच्या महिन्याच्या हजार डॉलरचा आहे.

क्रम मात्र चुकवू नका. आधी दहा लाखांची, वीस वर्षांची साधी टर्म पॉलिसी घ्या. सिगारेट न ओढणाऱ्या, तब्येत चांगली असलेल्या माणसाला तुमच्या वयात ती महिना शंभर डॉलरच्या आत मिळते. ती मंजूर होऊन हातात आल्यावरच आययूएल सरेंडर करा. मधल्या काळात मधुमेह किंवा आणखी काही निघालं असेल आणि टर्म मिळत नसेल, तर मला परत लिहा. मग ती पॉलिसी कमीत कमी प्रीमियमवर चालू ठेवण्याचा विचार करू. मित्राला वाईट वाटेल. वाटू दे.

४०१(के) मधून कर्ज काढणं हे तर अजिबात नको, आणि त्याचं कारण तुमच्या व्हिसात आहे. नोकरी गेली तर त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत ते कर्ज परत भरावं लागतं. नाही भरलं तर २२ टक्के कर आणि १० टक्के दंड. वीस हजारांवर ६,४००. आणि नोकरी गेल्यावर एच-१बी वाल्याच्या हातात ६० दिवस असतात. पत्नीचं वर्क परमिट तुमच्याच व्हिसावर लटकलेलं आहे. तुम्ही पत्रात “दोन पगार” लिहिता, पण धक्का बसला तर दोन्ही बंद व्हायची वेळ येते. घरखर्च महिना सात हजार, बचत खात्यात बारा. दोन महिनेसुद्धा निघत नाहीत. अशा घराने ८४ महिन्यांच्या कर्जावर ७३ हजारांची गाडी घेणं म्हणजे साठ दिवसांत ती तोट्यात विकायची तयारी ठेवणं.

तर या महिन्यात ४०१(के) सहा टक्क्यांवर न्या. हातात येणारा पगार महिना ३६५ ने कमी होईल. टर्मचे शंभर. आययूएलच्या हजारातून उरले ५३५. त्यात ट्रकच्या हप्त्याचे ८८० घाला, जे तुम्ही “सहज परवडतील” म्हणता. मग वर्षभर ते सहज बाजूला टाकून दाखवा. वर्षाचे १७ हजार, सरेंडरचे ८,६००, आहेत ते १२. पुढच्या उन्हाळ्यात साडेसदतीस हजार, म्हणजे पाच महिन्यांहून जास्त खर्च शिल्लक असेल. तेव्हा ट्रक बघा, पेट्रोल, तीन-चार वर्षं वापरलेला. ८८० च्या हप्त्यात साठ महिन्यांत ४३-४४ हजारांचं कर्ज फिटतं. करासकट जो त्यात बसेल तो तुमचा ट्रक. स्टिकरवरचं वजन मात्र विकणाऱ्याचा पत्ता विचारण्याआधी विचारा.

नव्याच्या बाजूने एक सवलत आहे, ती लपवत नाही. २०२५ ते २०२८ या वर्षांत, अमेरिकेत जोडणी झालेल्या नव्या वैयक्तिक गाडीच्या कर्जावरचं वर्षाला दहा हजारांपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करता येतं. जोडप्याचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर पूर्ण, तुम्ही बसता. वापरलेल्या गाडीला ती नाही, आणि मेक्सिकोत साल्तियोला बनणाऱ्या रॅम २५०० लाही नाही. पण नव्या पेट्रोल ट्रकवर पहिल्या वर्षी तुमचे यातून वाचतील सातशेच्या आसपास. त्यासाठी वीस हजार जास्त मोजायचे नसतात.

मित्राची दुसरी युक्ती, एलएलसी (छोटी कंपनी) काढून सेक्शन १७९ या कर-कलमाखाली सगळा ट्रक धंद्याचा खर्च म्हणून ‘राइट ऑफ’ करायची: तुमचा धंदा नाही, पगार आहे. निम्म्याहून जास्त वापर धंद्यासाठी लागतो, आणि कॅम्पिंग हा तुमचा धंदा नाही. विषय संपला.

या उन्हाळ्यात मुलांना ट्रेलर हवाच असेल तर पैसे देऊन कुणाकडून तरी लेक टेक्सोमाला नेऊन ठेवा, तासाभराच्या अंतरावर आहे. शनिवार-रविवार आपल्या जुन्या गाडीने जा. आणि डीलरकडचे ५०० डॉलर आजच परत मागा. ते परत मिळणार हे कागदावर लिहिलं आहे की फक्त तोंडी सांगितलं आहे, ते फोन करण्याआधी बघून घ्या.