व्हीगन व्हायचंय, म्हणून एसआयपी थांबवू का?

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका २५ वर्षांच्या वाचक मुलीचं पत्र आलं आहे. हातात पगार ४२,००० रुपये. घरभाडं ११,०००, साताऱ्याला आईवडिलांना ८,०००, तिघी मैत्रिणींच्या सामाईक किराण्याचे ३,५००, एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक, ५,०००. बाकीचा खर्च जाऊन महिनाअखेर दीड-दोन हजार उरतात, बचत खात्यात ३५,००० आहेत. मटण-अंडी सोडून तिला वर्ष झालं, आता दूध, दही, तूप, पनीर टप्प्याटप्प्यानं सोडून पूर्ण व्हीगन व्हायचं आहे, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच खायचं नाही. ऑफिसच्या कँटीनमध्ये दुधाशिवायचं फारसं काही मिळत नाही, म्हणून व्हीगन डब्याची वार्षिक योजना तिनं पाहून ठेवली आहे: ३६० डबे, ५७,६०० रुपये, क्रेडिट कार्डावर 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी म्हणवणारा, हप्ता महिना ४,८००. त्यासाठी वर्षभर एसआयपी थांबवावी का, असा प्रश्न आहे.

तुमचा निर्णय मला मनापासून आवडला, आणि घाई न करता निघाला आहात हे त्याहून आवडलं. पण खाणं हळूहळू बदलायचं आणि पैसे मात्र वर्षभराचे आजच बांधून टाकायचे, हे जुळत नाही. ही योजना घेऊ नका.

आधी डबे मोजू. ऑफिस महिन्याला २२ दिवस, म्हणजे वर्षाला २६४. उरलेल्या ९६ डब्यांचं काय? तुम्ही महिन्यातून दोनदा साताऱ्याला जाता, सुट्टीच्या दिवशी स्वतः रांधता. १६० रुपयांनी त्या ९६ डब्यांचे १५,३६० रुपये होतात. सणवार आणि रजा अजून धरलेल्याच नाहीत. शिवाय नोकरी बदलली, डब्याची चव नकोशी झाली किंवा पुरवणाऱ्यानं दुकान बंद केलं, तरी कार्डाचा हप्ता चालूच राहतो. 'नो कॉस्ट' हप्त्यात व्याजाइतकी सूट मिळते खरी, पण त्या व्याजावरचा १८% जीएसटी तुमच्याच खिशातून जातो. बँकेनं दर १५% धरला तर तोच आठशेच्या घरात, आणि प्रक्रिया शुल्क वेगळं.

एसआयपीबद्दल एक स्पष्ट सांगते. वर्षभर ती थांबली म्हणून तुमचं म्हातारपण अडचणीत येणार नाही. मला खरी काळजी बचत खात्यातल्या ३५,००० ची आहे. ती जेमतेम एका महिन्याची शिदोरी आहे, आणि घर तुमच्या ८,००० वर अवलंबून आहे. एसआयपीची रक्कम कमी करायचीच असेल तर ते पैसे डब्याकडे वळवू नका. ५,००० ची ३,००० करा आणि २,००० आवर्ती ठेवीत टाका, बचत लाखापर्यंत पोचेस्तोवर.

मग खाण्याचं कसं? व्हीगन आहार महाग पडतो तो मुख्यतः पर्यायी पदार्थांमुळे. बदामाच्या किंवा ओटच्या दुधाचं लिटरचं खोकं अडीचशे-तीनशेच्या आसपास जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वनस्पतिजन्य दुधावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, सोया दुधावरचा १२ वरून ५ वर, तरी रोज अर्धा लिटर म्हटलं की महिन्याचे चार हजार झालेच. उलट किलोभर सोयाबीन सव्वाशेच्या आत मिळतं आणि त्याचं सात-आठ लिटर दूध घरी निघतं. भिजवा, वाटा, गाळा, पण नीट उकळा, कच्चं पिऊ नका. शेंगदाण्याच्या दुधाचं दहीही छान लागतं. पनीरमध्ये १०० ग्रॅमला १८-२० ग्रॅम प्रथिनं असतात, कोरड्या सोयावडीत पन्नासच्या आसपास. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, मसुराची आमटी, भरीत, सोलकढी यांत दूध-तूप मुळातच लागत नाही. अवघड जाईल तो चहा. तो सगळ्यात शेवटी सोडा. एवढ्यासाठी महागडं ओटचं दूध आणलंत तरी माझी हरकत नाही, चहापुरतं एक खोकं आठवडाभर पुरतं.

एका खर्चात मात्र काटकसर नको. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं जवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणींमध्ये ते कमी आढळलं होतं. म्हणजे दूध बंद करण्याआधीच तुमचं कमी असू शकतं. रक्त तपासून घ्या, गोळी आणि तिचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. पहिल्या महिन्यात पैसे आधी इथे जाऊ द्या.

डबा हवाच असेल तर आठवड्यातून तीनच दिवस घ्या आणि महिन्याचे पैसे महिन्याला द्या. सुटा डबा १८० ला पडला तरी १३ डब्यांचे २,३४० होतात. त्या दिवसांचे कँटीनचे ८० रुपये वाचतात, म्हणजे वाढीव खर्च १,३००. बाकीच्या दिवशी रात्रीचीच उसळ थोडी जास्त करून न्या. सोयाबीन, टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर), तीळ आणि गोळ्यांना सहा-सातशे धरा.

यातला अर्धा भार सामाईक किराण्यातून निघू शकतो. तुम्ही लिहिलंय की तिघींच्या १०,५०० पैकी सुमारे ३,००० दूध, दही, पनीर, तुपावर जातात. म्हणजे जे तुम्ही खाणार नाही, त्याचे महिना १,००० तुम्ही भरत राहाल. हा विषय मैत्रिणींकडे काढायला संकोच वाटतो असंही लिहिलंय. तरी काढा. दूध-तुपाचा हिशेब सामाईक खात्यातून बाहेर ठेवायला सांगा, डाळ-तांदूळ, तेल, भाजी, गॅस पूर्वीसारखं तिघींत राहू दे. तुम्ही दही सोडाल त्या महिन्यापासून दह्याचे पैसे बंद, तूप सोडाल तेव्हा तुपाचे. एकदम हजार कमी करायला सांगण्यापेक्षा त्यांनाही हे पटायला सोपं जाईल.