‘जॉनी बी. गुड’ गिटारवर बसवायचं तर मूळ गाणं धरावं की एखादं कव्हर?

तुम्ही विचारलंय की वर्षभर गिटार शिकल्यावर हे गाणं घ्यायचंय, पण प्रत्येक आवृत्ती वेगळी वाजते, तर सुरुवात कुठून करावी. अमेरिकन रॉक अँड रोल गायक-गिटारवादक चक बेरीचं १९५८ चं मूळ ध्वनिमुद्रण धरा. कव्हरांमध्ये, म्हणजे इतरांनी केलेल्या आवृत्त्यांमध्ये, सगळ्यात आधी हरवते ती याची लय, आणि ती हातात नसेल तर पुढचं सगळं नुसतं वेगानं वाजवणं होतं.

मूळ गाणं बी-फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत काळी पाच. शिकवताना मात्र बरेच जण ए मध्ये शिकवतात, कारण ए, डी आणि ई या तिन्ही कॉर्डचे मूळ स्वर मोकळ्या तारांवर मिळतात. मग रेकॉर्डबरोबर वाजवायला बसलं की सगळं अर्धा स्वर खाली पडतं. यावर उपाय सोपा आहे: पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या पहिल्या धातूच्या पट्टीशी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा आणि ए चीच बोटं ठेवा. पहिला महिना असाच जाऊ द्या. नंतर कॅपो काढून सहाव्या फ्रेटवर या. तिथे सहाव्या तारेवर तर्जनी ६ व्या फ्रेटला, पाचव्या तारेवर अनामिका ८ व्या फ्रेटला, आणि करंगळी १० व्या फ्रेटला ये-जा करते. ई-फ्लॅटला हाच आकार एक तार खाली सरकवायचा. एफसाठी पहिल्या फ्रेटवर जाऊ नका, तिथली घरं रुंद असतात आणि करंगळी पोचत नाही. पाचव्या तारेचा ८ वा फ्रेट घ्या.

बारा बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) हिशोब असा: चार बी-फ्लॅट, दोन ई-फ्लॅट, दोन बी-फ्लॅट, दोन एफ, दोन बी-फ्लॅट. नववा आणि दहावा, दोन्ही बार एफवरच आहेत. ब्लूजच्या सवयीनं दहाव्या बारला हात ई-फ्लॅटकडे जातो. पुष्कळ बँड तसंच वाजवतात, पण मूळ चाल ती नव्हे.

आता लय. ड्रमवर फ्रेड बिलो आहे आणि तो झुलता वाजवतो, म्हणजे मात्रेचा पहिला तुकडा लांब, दुसरा आखूड. बेरीची गिटार मात्र मात्रेचे दोन समान तुकडे करते. या दोघांच्या घासण्यातच गाण्याचा जोर आहे. नंतरच्या रॉक बँडांनी ड्रमही सरळ केला, म्हणून त्यांचं वाजवणं जोरकस असूनही सपाट वाटतं. हेडफोन लावून आधी फक्त ड्रम ऐका, मग फक्त गिटार. मूळ वेग मिनिटाला सुमारे १६८ मात्रांचा आहे, म्हणजे मिनिटाला तीनशेच्या वर फटके, आणि तेही शक्यतो खालच्याच दिशेनं. कोपरातून हात हलवलात तर दुसऱ्या कडव्यापर्यंत दंड भरून येईल. हालचाल मनगटातून हवी. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) १०० वर लावून सुरू करा आणि पूर्ण गाणं न थकता निघेपर्यंत वाढवू नका.

सुरुवातीचा तुकडा सगळ्यांनाच हवा असतो. पहिल्या दोन तारा ६ व्या फ्रेटला तर्जनीनं एकत्र दाबायच्या, तिसरी तार ८ व्या फ्रेटला ताणायची. ती पूर्ण स्वरभर ताणायची घाई नको. त्या काळी तिसरी तार गुंडाळलेली, जाड असायची आणि फार ताणली जात नसे, थोड्या ताणानंच तो खरबरीत आवाज येतो. हा तुकडा बेरीच्याही आधीचा आहे: लुई जॉर्डनच्या १९४६ च्या ‘एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन’ या गाण्याच्या सुरुवातीला कार्ल होगननं तो जवळजवळ असाच वाजवलाय. ते नक्की ऐका.

कव्हरांपैकी तीन ऐकण्यासारखी. बक ओवेन्सचं १९६९ चं, जे अमेरिकेत कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मूळ गाणं पॉपच्या यादीत आठवं होतं, हे लक्षात घेतलं तर त्याचं नवल वाटतं. त्याच वर्षीचं जॉनी विंटरचं, पण त्याच्या वेगाची नक्कल आत्ता करू नका. आणि १९८३ चं जमैकन रेगे गायक पीटर टॉशचं. मूळ गाण्यातला गिटार वाजवणारा मुलगा लुइझियानातला आहे; त्यानं त्याऐवजी जमैकातलं मँडेविल आणलं आणि गिटारचा ठोका मात्रेवरून उचलून मधल्या जागेत टाकला. माझ्या मते हे सर्वांत विचारपूर्वक केलेलं कव्हर आहे, कारण टॉशनं बेरीची बोटं उचलली नाहीत, स्वतःच्या मुलखाचा मुलगा उभा केला.

‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटातलं हे गाणं पाहून शिकायचं ठरवलं असेल, तर त्यातली गिटार टिम मेनं वाजवलेली आहे. पडद्यावरच्या बोटांवर विसंबू नका.