उलुरूसाठी एकच दिवस असेल तर

उलुरू म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी वाळवंटात उभा असलेला प्रचंड खडक. आदल्या रात्री त्याच्याजवळच्या युलारा या पर्यटक-वस्तीतच मुक्काम करा. ॲलिस स्प्रिंग्ज या शहरातून एका दिवसात जाऊन येऊ, हा बेत सोडा. एका बाजूचंच अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि अंधारात रस्त्यावर कांगारू, उंट येतात. मी दिवस मावळल्यावर तिथे गाडी चालवत नाही.

पायथ्याची १०.६ किलोमीटरची प्रदक्षिणा सूर्योदयालाच सुरू करा. उन्हाळ्यात माणशी तासाला एक लिटर पाणी धरा, यात काटकसर अजिबात नको. माश्यांसाठी चेहऱ्यावरची जाळी घ्याच!

वर चढणं ऑक्टोबर २०१९पासून बंद आहे. अनांगू या इथल्या मूळ रहिवाशांसाठी ही पवित्र जागा. 'फोटो नको' असे फलक दिसतील तिथे कॅमेरा खाली ठेवा. दुपारी सांस्कृतिक केंद्रात निवांत बसा.